नदी दोनदा ओलांडायची आहे

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज डोंगररांगेच्या पूर्व उतारावर, लिनव्हिल नावाची नदी डोंगर कापत खाली येते. धबधब्यापासून लेक जेम्स या जलाशयापर्यंत ती सुमारे २,००० फूट उतरते आणि दोन्ही अंगांना उभे कडे ठेवत जाते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन भटकणारे लोक या घळीला एक पूर्ण वळसा मारतात. पूर्वेच्या शॉर्टऑफ डोंगराकडून नदीत उतरायचं, पलीकडे जायचं, पश्चिमेच्या पिनॅकलवर चढायचं, पिंच-इनच्या वाटेने पुन्हा घळीत उतरायचं, काठाकाठाने उत्तरेला जायचं, स्पेन्स रिजपाशी नदी दुसऱ्यांदा ओलांडायची, टेबल रॉकच्या खांद्यावर चढायचं आणि पूर्वेच्या माथ्यावरून शॉर्टऑफला परत यायचं. वाटा कशा जोडता त्यावर अंतर कमीजास्त होतं, पण साधारण ३२ ते ४० किलोमीटर धरावं. सह्याद्रीत मुरलेला ट्रेकर हा आकडा ऐकून म्हणेल, दीड दिवसाचं काम. प्रत्यक्षात तीन दिवस हातात ठेवावे लागतात, आणि एकटं असाल तर चौथ्या दिवसाचं जेवणही सॅकमध्ये हवं.

डोंगरात वेळेचा हिशेब करायची जुनी रीत विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडली. दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. हा नियम आजही जगभर वापरतात, आणि चांगल्या पायवाटेवर तो बऱ्यापैकी जुळतो. लिनव्हिलच्या तळाशी मात्र तासाला एक मैल झाला तरी चांगली चाल म्हणायची. असं का होतं, हे कळण्यासाठी आधी तिथल्या खडकाकडे बघावं लागतं.

आपला दख्खनचा कातळ समजायला सोपा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. खालचा थर जुना, वरचा नवा. दोन टणक थरांमध्ये मऊ थर असतो, तो झिजतो आणि कड्याच्या पोटात आडवी पट्टी तयार होते. सह्याद्रीतले ट्रॅव्हर्स बहुतेक अशाच पट्ट्यांवरून जातात. वर कडा, खाली कडा, मध्ये माणूस चालेल एवढी जागा. लिनव्हिलमध्ये हा क्रम उलटा आहे. धबधब्यापाशी उभं राहिलं की खाली क्वार्टझाइट दिसतो आणि त्याच्या डोक्यावर त्याहून कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांपेक्षा अधिक वयाचा नाइस खडक बसलेला असतो. आफ्रिका आणि उत्तर अमेरिका हे भूखंड सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी एकमेकांवर आदळले, तेव्हा जुन्या खडकाची अख्खी चादर नव्या खडकावर सरकत आली. ज्या पृष्ठावरून ती सरकली त्याला भूवैज्ञानिक लिनव्हिल फॉल्स फॉल्ट म्हणतात. पुढे वरची चादर झिजून तिला भोक पडलं आणि खालचा खडक उघडा झाला. या भोकाला ग्रँडफादर माउंटन विंडो असं नाव आहे आणि घळ त्याच्या कडेला आहे.

टेबल रॉक, हॉक्सबिल, शॉर्टऑफ या पूर्वेच्या माथ्यांचे कडे क्वार्टझाइटचे आहेत. मुळात ही वाळू. दाबाखाली आणि उष्णतेत तिचे कण एकमेकांत असे गुंतले की खडक मातीसारखा झिजत नाही, भेगांवर फुटतो आणि घरांएवढे धोंडे खाली टाकतो. घळीच्या पोटात सोयीची आडवी पट्टी त्यामुळे मिळत नाही. पश्चिम काठाने जाणारी लिनव्हिल गॉर्ज ट्रेल साडेअकरा मैलांच्या आसपास आहे. ती नदीच्या पातळीवर सपाट जात असेल असं नकाशावरून वाटतं, पण ती प्रत्येक सोंडेवर चढते, प्रत्येक ओढ्यात उतरते, धोंड्यांच्या राशींमधून वाट काढते. समोच्च रेषांमधलं अंतर ४० फूट असेल तर ३० फुटांचा चढउतार नकाशावर उमटतच नाही. असे चढउतार दिवसभरात कितीतरी होतात आणि ते सगळे पायांना मोजावे लागतात.

या खडकानेच घळ वाचवली हेही खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण अ‍ॅपलाशियन डोंगरांतली बहुतेक जंगलं लाकडासाठी साफ झाली. लिनव्हिलच्या तळापर्यंत ना रूळ नेता आले, ना ओंडके बाहेर काढता आले. म्हणून इथे कधीच न तोडलेलं जुनं जंगल बऱ्याच प्रमाणात टिकलं. १९५१ मध्ये वनखात्याने या घळीला खास संरक्षण दिलं, आणि ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर सही केली तेव्हा त्याखाली आलेल्या पहिल्या ५४ प्रदेशांत लिनव्हिल होती. देशाच्या पूर्व भागातले त्या यादीत फक्त तीन प्रदेश होते, त्यांतला हा एक. या कायद्याचा मसुदा हॉवर्ड झानिझर यांनी लिहिला, वर्षानुवर्षं तो पुन्हा पुन्हा लिहिला आणि सही होण्याच्या चार महिने आधी त्यांचं निधन झालं. आज संरक्षित क्षेत्र सुमारे १२,००० एकर आहे.

या कायद्याचा चालणाऱ्याच्या पायांशी थेट संबंध आहे. वाइल्डरनेसमध्ये मोटार चालत नाही, सायकल चालत नाही, आडव्या पडलेल्या झाडासाठी एरवी यांत्रिक करवतही चालत नाही. दोन माणसांनी दोन टोकांनी ओढायची लांब करवत वापरतात. वाटेवर रंगाच्या खुणा नाहीत, फाट्यांवर पाट्या जवळपास नाहीत. हे दुर्लक्ष नाही, धोरण आहे. माणसाने इथे पाहुणा म्हणून यावं आणि आपली वाट आपण शोधावी, अशी त्यामागची भूमिका आहे. मला ती मनापासून पटते. पण ती पटणं आणि तिचा भार एकट्याने उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शार्लट किंवा रॅली या शहरांत स्थायिक झालेल्या मराठी भटक्यांना हा फरक विशेष जाणवत असणार. शार्लटहून ही घळ गाडीने दोनेक तासांवर. सह्याद्रीत आपण एकटे जातो तेव्हाही पूर्ण एकटे नसतो. खिंडीत गुराखी भेटतो, पदरात एखादी वाडी असते, माथ्यावर देऊळ असतं आणि तिथे वर्षाकाठी जत्रा भरते. आपल्या घाटवाटा शतकानुशतकं मीठ, धान्य आणि जनावरं नेणाऱ्या माणसांनी घडवल्या. त्या चुकल्या तरी विचारायला कुणीतरी असतं. लिनव्हिलच्या तळाशी कुणी राहत नाही. वाटेला फुटणारे फाटे गावाकडे जात नाहीत. मासे पकडणाऱ्यांनी नदीकडे पाडलेल्या वाटा, प्रस्तरारोहकांनी कड्याच्या पायथ्याकडे पाडलेल्या वाटा, जुन्या मुक्कामाच्या जागांकडे जाऊन विरणाऱ्या वाटा. आपल्याकडच्या ढोरवाटांसारख्या त्या ठळक दिसतात आणि माणसाला खेचून नेतात.

इथे काही सवयी फार उपयोगी पडतात. फाटा ओलांडला की मागे वळून तो परतीच्या दिशेने कसा दिसतो ते बघून ठेवायचं. नदी कुठल्या हाताला आहे, शेवटचा मोठा ओढा कधी ओलांडला, समोरच्या कड्याचा आकार कसा बदलतो आहे, याची मनात नोंद चालू ठेवायची. वाट संपली असं वाटलं की पुढे ओरबाडत जायचं नाही. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यायचं. दोघं असतील तर एक खुणेपाशी थांबतो आणि दुसरा शोधतो. एकट्याला थांबणारा कुणी नसतो, म्हणून सॅक शेवटच्या खात्रीच्या जागी ठेवून शोधायला जायचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण सॅक आणि माणूस यांची ताटातूट झाली तर रात्र अंगावरच्या कपड्यांवर काढावी लागते.

फोनमधल्या जीपीएसवर घळीत पूर्ण विसंबता येत नाही. जागा ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. दोन कड्यांमध्ये आकाशाची पट्टीच अरुंद असते, आणि जे संकेत पोचतात त्यांतले काही खडकावर आपटून, लांबचा रस्ता घेऊन येतात. यंत्राला ते अंतर खरं वाटतं आणि नकाशावरचा ठिपका नदीच्या पलीकडे उडी मारतो. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक अशा जागी जास्त प्रामाणिक. उतारावरच्या वाटेवर उंची कळली की ती समोच्च रेषा जिथे वाटेला छेदते तिथेच आपण आहोत. मात्र वादळ जवळ येतं तसा दाब बदलतो, म्हणून ओळखीच्या जागी, नदीशी किंवा खिंडीशी, तो पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

पूर्वेच्या माथ्यावर गेलं की वेगळंच जग लागतं. तळाशी ऱ्होडोडेंड्रॉनची दाट, ओली, अंधारी जाळी असते आणि वर ऊन, वारा, विरळ पाइन. या माथ्यावर २०००, २००७ आणि २०१३ मध्ये मोठ्या आगी लागल्या. इथल्या टेबल माउंटन पाइनची बरीच फळं राळेने घट्ट चिकटलेली असतात, आगीच्या धगीने राळ वितळते तेव्हा ती उघडतात आणि राखेच्या उघड्या जमिनीवर बी पडतं. माउंटन गोल्डन हेदर हे पिवळ्या फुलांचं बुटकं झुडूप जगात फक्त बर्क आणि मॅकडॉवेल या दोन काउंटींत उगवतं, तेही अशाच क्वार्टझाइटच्या उघड्या कडांवर. मोठी झुडपं दाटली की ते गुदमरतं, आग आली की त्याला जागा मिळते. १९८० पासून ते धोक्यातल्या वनस्पतींच्या सरकारी यादीत आहे. कड्याच्या टोकाला उभं राहून घळ बघायची सगळ्यांनाच हौस असते आणि नेमकं तिथेच हे झुडूप असतं. पाय कुठे ठेवतो हे तिथे जपून बघावं, इतकंच मागणं आहे.

चालणाऱ्याला आग दोन गोष्टी देऊन जाते. पहिली, काटेरी स्मायलॅक्स. आपल्या घोटवेलीचीच ही भावकी, एकाच कुळातली आणि एकाच प्रजातीसमूहातली. जळलेल्या जमिनीवर ती झपाट्याने पसरते आणि वाट दोन वर्षांत गिळते. अर्ध्या चड्डीत फिरायची सवय असलेल्यांनी इथे लांब पँट घालावी. दुसरी, उभ्या वाळलेल्या झाडांची खोडं. ती वाऱ्यात, कधी वारा नसतानाही, कोसळतात. तंबू लावण्याआधी जमीन बघतात तशी मान वर करून आजूबाजूची झाडं बघणं इथे नेमाचं आहे. एकट्या माणसावर रात्री फांदी पडली तर ती उचलायला दुसरे हात नाहीत.

माथ्यावर पाणी जवळजवळ नाही. खाली नदीचा आवाज ऐकू येत असतो आणि बाटली रिकामी असते. म्हणून स्पेन्स रिजपाशी नदी ओलांडल्यावर चढाला लागण्याआधीच मुक्कामाचं पाणी भरून घ्यायचं. स्वयंपाक, रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ मिळून चार लिटर, म्हणजे पाठीवर चार किलो वाढतात, नेमके दिवसातल्या सर्वांत मोठ्या चढाला. वरच्या खोऱ्यात गावं, शेतं आणि रस्ते असल्याने नदीचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्यावं. अन्न अस्वलापासून दूर ठेवायचं, काळी अस्वलं इथे आहेत. मे ते ऑक्टोबर या काळात शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना मुक्कामासाठी परवाना काढावा लागतो.

रात्री या भागातल्या उंच जागांवरून पूर्वेला ब्राउन माउंटनच्या दिशेने कधीकधी हलते दिवे दिसतात. शंभरहून अधिक वर्षं त्यांच्याबद्दल बोललं जातं. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉर्ज मॅन्सफिल्ड यांनी १९२२ मध्ये तिथे मुक्काम करून मोजमाप केलं आणि बहुतेक दिवे मोटारींचे, आगगाड्यांचे, गावांचे आणि जंगलातल्या आगींचे असल्याचा निष्कर्ष काढला. स्थानिक लोकांना तो आजही पुरता मान्य नाही. अंधारात एकट्याने बसलेल्या माणसाला मॅन्सफिल्ड यांचा अहवाल माहीत असला तर झोप जरा लवकर लागते.

आता नदी. वळशाच्या दोन्ही ओलांडणीला पूल नाही. स्पेन्स रिजच्या वाटेवर पूल होता, तो पुरात वाहून गेला. ब्लू रिजचा हा पूर्व उतार आपल्या घाटमाथ्यासारखाच ढग अडवतो. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगरावर चढताना थंड होते आणि पाऊस टाकते. खोरं चिंचोळं आणि उताराचं, त्यामुळे ग्रँडफादर माउंटनच्या बाजूला जोराचा पाऊस झाला तर घळीत आकाश निरभ्र असतानाही पाणी चढतं. नदीच्या खालच्या अंगाला, नीबो गावाजवळ, सरकारी मापनकेंद्र आहे आणि तिथला प्रवाह घरबसल्या बघता येतो. निघण्याआधीच्या आठवड्यातला आलेख बघितला की पाणी चढतं आहे की उतरतं आहे हे कळतं, आणि एका दिवसाच्या आकड्यापेक्षा ते कळणं जास्त मोलाचं.

वाहतं पाणी माणसाला किती जोराने ढकलतं, याचा नियम सरळ आहे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. खोली वाढली की पाण्याला ढकलायला आपलं अंग जास्त मिळतं, आणि त्याच वेळी शरीर तरंगू लागल्याने पायांवरचं वजन कमी होऊन पकड सुटते. म्हणून घोट्याएवढ्या वेगवान पाण्यात निभावतं आणि मांडीएवढ्या पाण्यात निभावत नाही. उतार शोधताना अरुंद जागेचा मोह धरायचा नाही. पात्र जिथे अरुंद, तिथे तेच पाणी खोल आणि वेगवान. पात्र रुंद, उथळ, तळ दिसणारं, आणि खालच्या अंगाला धबधबा किंवा पडलेली झाडं नसलेली जागा हवी. पडलेलं झाड सर्वांत वाईट, पाणी फांद्यांमधून निघून जातं आणि माणूस अडकतो. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलो तर ती टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, हातात भक्कम काठी, एका वेळी एकच टेकू हलवायचा. बूट काढायचे नाहीत. चार जण असतील तर एकमेकांना धरून साखळी करतात आणि पुढचा माणूस मागच्यांसाठी पाणी फोडतो. एकट्याला ही सोय नाही, म्हणून गट जेवढ्या पाण्यात जाईल त्याहून कमी पाण्यात एकट्याने थांबायला हवं.

मी दक्षिणेची ओलांडण आधी करावी या मताचा आहे. तिथपर्यंत सगळ्या घळीचं पाणी गोळा होऊन आलेलं असतं, आणि पहिल्या दिवशी हवामानाचा अंदाज सर्वांत ताजा असतो. तिथे उतार मिळाला नाही तर मागे फिरून त्याच दिवशी गाडीपाशी पोचता येतं. खरी अडचण दुसऱ्या ओलांडणीची. तुम्ही पश्चिम काठावर, गाडी पूर्वेला, आणि मध्ये दोन दिवसांत पाऊस होऊन चढलेलं पाणी. अशा वेळी दोनच मार्ग शहाणपणाचे असतात. एक म्हणजे उंच जागी तंबू टाकून वाट बघणं. ही नदी पावसावर चालते, बर्फावर नाही, त्यामुळे पाऊस थांबला की बहुधा एक-दोन दिवसांत ती उतरते. चौथ्या दिवसाचं जेवण त्यासाठी. दुसरा म्हणजे कॉनली कोव्हच्या वाटेने पश्चिमेच्या माथ्यावर, किस्लर मेमोरियल हायवे या कच्च्या रस्त्यावर निघून जाणं. वळसा पुरा होत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

म्हणूनच घरी ठेवलेल्या चिठ्ठीत नुसती परतीची वेळ लिहून भागत नाही. कुठल्या दिवसापर्यंत काळजी करायची नाही आणि कुठल्या दिवशी, किती वाजता बर्क काउंटीच्या शेरिफला फोन करायचा, हे दोन्ही लिहावं. पाणी चढल्यास कुठल्या वाटेने बाहेर पडणार, हेही लिहावं, म्हणजे शोधणारे चुकीच्या काठावर शोधत बसणार नाहीत. घळीच्या तळाशी मोबाइल लागत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र जवळ असावं, पण कड्याखाली तेही वेळ घेतं, म्हणून संदेश जाण्यासाठी उघडी जागा गाठायची तयारी हवी. बचावपथकांना इथे वर्षभर धाव घ्यावी लागते. कड्यावरून माणूस उचलण्यासाठी हेलिकॉप्टरही वापरतात. तरीही मदत पोचायला तास लागतात, आणि तेवढा वेळ कोरडे कपडे व जमिनीची थंडी तोडणारी चटई यांच्यावरच जीव असतो.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळाचा पाऊस या डोंगरांवर कोसळला. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात तोवर १९१६ च्या जुलैतला महापूर पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात असे. या वेळी अनेक ठिकाणी त्याच्याही खुणा मागे पडल्या. लिनव्हिल धबधब्याजवळचं पर्यटक केंद्र पुराने उद्ध्वस्त केलं. घळीत काठ खचले, दरडी आल्या, असंख्य झाडं आडवी झाली, नदीने धोंडे आणि वाळू नव्याने मांडली. वाटा बंद ठेवाव्या लागल्या. अशा पुरानंतर पूर्वी जिथे उतार होता तिथे डोह असू शकतो आणि वाट जिथे काठाला लागून होती तिथे आता हवा असू शकते. त्यामुळे २०२४ पूर्वीचे नकाशे आणि प्रवासवर्णनं खडक, माथे आणि खिंडी समजून घेण्यासाठी खुशाल वाचावीत, पण नदी कुठे ओलांडायची हे त्यांच्यावरून ठरवू नये. कुठली वाट खुली आहे हे निघण्याच्या आठवड्यात पिसगा राष्ट्रीय वनाच्या ग्रँडफादर विभागाच्या कचेरीत विचारावं, आणि दोन्ही उतार आधी काठावर बसून, डोळ्यांनी बघून, मग ठरवावेत.